प्यादं सोडवताना

घोरपडे पेठेत, लाकडाच्या वखारीमागे
कुंदाताई कातारींची पत्र्याची शेड.
भिंतीवर खडूनं लिहिलंय :
बाह्या वर. अंगठ्या खिशात. शहाणपण घरी.

माझी हयात जकात नाक्यावर गेली.
ट्रक थांबवायचे, सोडायचे.
सोडायचं मला येतं,
पण शिक्का मारून.

मला हवं आहे एक प्यादं. पांढरं. एकच.
पाटसकर आणि मी सात वर्षं
पेनाच्या टोपणाला प्यादं म्हणतो आहोत
आणि ते टोपण निळं आहे.

हेदूचा तुकडा फिरू लागला, तुपाच्या रंगाचा.
डोकं झालं, गळपट्टी झाली, खालचा घेर झाला.
मी म्हटलं, झालं.
"झालं कसलं? अजून लाकूडच आहे ते.
तुम्ही त्याला नुसतं घाबरवलंय."

आधी टेकण काढून ठेवायचं, नाहीतर बोट आत जातं.
मग काचकागद : ऐंशी, दीडशे, दोनशेवीस, चारशे.
मी दीडशेवरून थेट चारशेवर गेलो.
त्यांनी मशीन बंद केलं
आणि दारातल्या उन्हात नुसतं बोट दाखवलं.
गळ्याभोवती बारीक गोल ओरखडे,
रात्रीतून नाका चुकवून आलेल्या मालासारखे.
"मागे जा."
मागे गेलो.

चिंधी बोटाला गुंडाळायची नाही,
ओढली गेली तर जाऊ द्यायची.
लाखेची कांडी टेकवली,
कचेरीत मोहोर करताना सुटायचा तोच वास.
मग खाली पडलेला कीस मूठभर उचलून
त्याचाच त्याला घासला.
जे काढून टाकलं होतं त्यानंच चकाकी आली.
यावर मी काहीतरी बोलणार होतो.
"बोलू नका. आता मान."

पातळ पटाशी.
"चीर पात्याहून रुंद घ्या, नाहीतर पातं अडकतं.
तळ आत घ्या, किंचित खोल.
सपाट कापाल तर डुगडुगेल.
काठावर उभं राहतं ते, पोटावर नाही."

मान पेन्सिलीएवढी.
मान काडेपेटीतल्या काडीएवढी.
डावा हात प्याद्याखाली, पण धरायचं नाही,
पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पोटाखाली
बापाचा हात असतो तसा.

आमच्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही.
येतो म्हणतात, चपला घालतात
आणि दारात अर्धा तास उभे.
मी त्या मानेवर तसाच रेंगाळलो.
लाकूड तापलं, काळपट झालं, करपल्याचा वास.
"अहो, जाऊ द्या त्याला!"
मी दचकून मूठ आवळली.
तट्कन तुटलं, निसटलं,
पत्र्यावर टण्ण,
आणि किसाच्या ढिगात गडप.

अशी आठ.
एकाच्या तळातून धागा उपटून आला, दाढेसारखा.
दोन ठेंगणी.
एकाला मी पाहिलंच नाही, बसलेल्या मांजरानं पाहिलं.

नवव्याला गुरुवार होता. वीज गेली.
लेथ मंदावत थांबला,
मान तशीच, भाताच्या शिताएवढी.
कुंदाताईंनी करवतीचं पातं दिलं.
"बंद मशीनवर कापलं तरी चालतं.
कुणी विचारत नाही."
शेडमध्ये एवढी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.
दोन ओढी.
उडालं नाही. हातात आलं, ऊबदार.

तळाचं बोंड सुरीनं काढलं.
फळीवर ठेवलं. राहिलं.

संध्याकाळी पद्मावतीला, पार्किंगमध्ये,
दोन स्कूटरींच्या मधे पट मांडला.
पाटसकरांनी ते उलटं करून आधी तळ पाहिला.
"बाकीच्या सातांना आता म्हातारं वाटणार," म्हणाले,
आणि चौथ्या चालीत उंटानं मारलं.

टोपण त्यांनी शर्टाच्या खिशाला लावलं.
पेनाशिवाय.